बोअरच्या पाण्यावरचा एक फुटी प्लांटेड टँक : जानेवारी ते जुलैच्या नोंदी

६ जानेवारी

हवं आहे ते एवढंच : एक फूट लांब, रुंद आणि उंच असा काचेचा टँक (मत्स्यालय), आत हिरवी झाडं, थोडे श्रिंप (इवली कोळंबी), आणि आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांच्या वर काम नाही. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर नाही, हीटर नाही, खतांच्या बाटल्या नाहीत. लहान टँक मोठ्यापेक्षा अवघड असतो असं सगळे सांगतात. घरात जागा एवढीच आहे, विषय संपला.

राहणं पुण्यात. सोसायटीच्या वरच्या टाकीत महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी एकत्रच पडतं. नळाला आज कुठलं येतंय हे वॉचमनकाकांनाच ठाऊक. आजचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १९० पीपीएम, म्हणजे लिटरमागे १९० मिलिग्रॅम, म्हणजे बहुतेक महापालिकेचंच.

जागा ठरली : हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीशेजारचं कडप्प्याचं शेल्फ. उत्तरेला ऊन येत नाही, म्हणजे शेवाळ कमी, हा हिशोब. पाणी, वाळू, माती, दगड, काच धरून वजन ३५ किलोच्या आसपास जाईल. शेल्फ भिंतीत दोन्ही बाजूंनी बसवलेलं आहे, त्यामुळे चिंता नाही. नुसत्या ब्रॅकेटवरचं असतं तर ठेवलं नसतं.

१० जानेवारी

रेडीमेड नॅनो टँक बघितले. वाकवलेल्या काचेचे, दिसायला देखणे, किंमत तिप्पट. शेवटी गल्लीतल्या काचवाल्याकडून ५ मिमीच्या साध्या काचेचा ३० × ३० × ३० सेंटिमीटरचा बनवून घेतला. कडा घासून, चिकटवून ₹११००. काठोकाठ भरला तर २७ लिटर, पण माती-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी २० लिटरच धरायचं. पुढचे सगळे हिशोब २० लिटरवर आहेत.

करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट समोर उभं राहून बघावी, ती म्हणजे सिलिकॉनची ट्यूब. काचवाल्याच्या हातात बाथरूमसाठीची, बुरशी न धरणारी ट्यूब होती. तिच्यात बुरशीनाशक असतं, ते पाण्यात उतरतं. साधी, व्हिनेगरसारखा उग्र वास येणारी, काचकामाची ट्यूब वापरायला लावली. ‘‘काही फरक पडत नाही हो साहेब,’’ असं तो दोनदा म्हणाला, पण बदलली. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. नंतर बाथरूममध्ये खाली वर्तमानपत्र घालून एक रात्र भरून ठेवायचा. कागद कोरडा राहिला तर पास.

१४ जानेवारी

आज तळाचं सामान. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो घालवावाच.

मासेवाल्या दुकानातून पांढरे खडे आणले होते, ₹१२०. घरी आणून त्यांच्यावर टॉयलेट साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसून फेस आला. संगमरवराचा चुरा आहे तो. पाण्यात राहून सतत चुना सोडत राहणार. खडे कुंडीत गेले. हीच परीक्षा घरातल्या कडप्प्याच्या उरलेल्या तुकड्यावर केली, तिथेही फेस. कडप्पा काय आणि शहाबादी काय, दोन्ही मुळात चुनखडकच. टँकच्या आत दोन्ही नकोत.

दगड फुकट मिळाले. शेजारी इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू आहे, तिथून काळा पाषाण उचलला. त्यावर ॲसिडचा काही परिणाम नाही. मात्र पांढऱ्या गाठी असलेले दगड बाजूला काढले. आपल्याकडच्या पाषाणातल्या या पोकळ्यांत बऱ्याचदा गारगोटी किंवा झिओलाइट असतं, पण कधी कधी कॅल्साइटही भरलेलं असतं आणि ते चुन्यासारखंच वागतं. दगड घासून, उकळत्या पाण्यात टाकून घेतले.

माती : नर्सरीतली तयार ‘पॉटिंग मिक्स’ घेऊ नका. त्यात शेणखत आणि कोकोपीट असतं. एक अमोनिया सोडतं, दुसरं तरंगतं. काळी माती आणि लाल माती दोन बरण्यांत पाण्यात ढवळून ठेवली. लाल मातीची बरणी सकाळपर्यंत निवळली, काळीची दोन दिवसांनीही चहाच्या रंगाची होती. लाल माती घेतली, ₹४० ची पिशवी. चाळून काड्या-मुळं काढली, बादलीत भिजवून वरचं पाणी ओतून दिलं, गच्चीत वाळवली, परत भिजवली.

वर झाकायला वाळू हवी, तीही चुना नसलेली. क्रश सँडमध्ये भुकटी फार. स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये भरतात ती गारगोटीची १-२ मिमीची वाळू उत्तम, पण ती ५० किलोच्या गोणीत येते. दुकानदाराने फुटलेल्या गोणीतली ५ किलो ₹१५० ला दिली. तेवढी पुरते.

२० जानेवारी

भरला.

क्रम असा : २ सेंटिमीटर ओली लाल माती (चिखल, पण पाणी साठलेलं नाही), वर ३ सेंटिमीटर वाळू, मग दगड, मग झाडं, मग पाणी. माती काचेपासून बोटभर आत ठेवली आणि कडेला फक्त वाळू भरली, म्हणजे समोरून चिखलाची पट्टी दिसत नाही. पाणी ओतताना वाळूवर एक ताटली आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी ठेवून हळूहळू धार सोडली. एवढं करूनही मागच्या कोपऱ्यात वाळू सरकली आणि मातीचा लोट वर आला. तिथे मूठभर वाळू टाकली आणि गढूळ पाणी नळीने काढून परत भरलं.

झाडं निवडताना एकच निकष होता : सावकाश वाढणारी, कमी उजेडात तगणारी. अनुबियास नाना दोन (₹१५० चं एक), जावा फर्न एक (₹१००), क्रिप्टोकोरायनी वेंड्टायच्या (थोडक्यात क्रिप्ट) तीन कुंड्या (₹८० ची एक), जावा मॉसचा गोळा ₹१००. सुरुवातीला पाण्यातला अमोनिया खाऊन टाकायला झपाट्याने वाढणारं काहीतरी लागतंच, म्हणून ₹५० चं वॉटर स्प्राइट आणि एका मित्राकडून फुकट आलेला तरंगता साल्व्हिनिया.

अनुबियास आणि जावा फर्न मातीत पुरायचे नाहीत. त्यांचा जाड आडवा कंद पुरला की कुजतो. दोन्ही फेविक्विकने दगडावर चिकटवले. पाण्यात गेल्यावर तो थेंब पांढरा पडतो, पण झाडाला किंवा श्रिंपला काही होत नाही. क्रिप्टची मुळं मात्र चिमट्याने थेट मातीपर्यंत नेली.

उजेड : क्लिपचा होल्डर ₹२५०, त्यात ९ वॉटचा ६५०० केल्व्हिनचा साधा एलईडी बल्ब ₹११०. हवेचा छोटा पंप आणि स्पंज फिल्टर मिळून ₹४००. नळीत ₹६० चा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह टाकायचाच. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि लाइट गेली तर नळीतून पाणी उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येतं.

२८ जानेवारी

सगळ्या क्रिप्टची पानं वितळली. वितळली म्हणजे अक्षरशः : दाबलं की बोटाला लगदा. काढून फेकायचा मोह होईल, फेकू नका. जागा किंवा पाणी बदललं की हे झाड पानं टाकतं, मुळं जिवंत असतात. पानांचा लगदा तेवढा काढला, कारण तो कुजून अमोनिया वाढतो.

अमोनिया २ पीपीएम. थेंबांचं टेस्ट किट ₹९०० चं आहे आणि या कामात सगळ्यात महाग तेच वाटलं, पण त्याच्याशिवाय आंधळी कोशिंबीर. ४ लिटर पाणी बदललं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी बादलीत हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) दोन खडे.

वाळूतून बुडबुडे येतात. एकाला सडक्या अंड्याचा वास होता. खाली साठलेला वायू सुटावा म्हणून बांबूच्या काडीने वाळूत जागोजागी खोलवर टोचलं. मुळं पसरेपर्यंत आठवड्यातून एकदा टोचत राहणार.

११ फेब्रुवारी

काचेवर, दगडांवर, अनुबियासच्या पानांवर तपकिरी भुकटी. नव्या टँकमध्ये हे डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) येतातच आणि आपसूक जातात, पण उजेड ८ तास होता तो ६ वर आणला. हाताने चालू-बंद करणं दोन दिवस जमलं, तिसऱ्या दिवशी रात्रभर चालू राहिला. ₹४५० चा टायमर घेतला. कमी देखभाल करायची असेल तर हा खर्च पहिल्या दिवशीच करावा, मी उगाच वाचवायला गेलो.

अमोनिया ०.२५, नायट्राइट चढलेलं. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणजे गाडी रुळावर आहे. मित्राच्या जुन्या फिल्टरचा स्पंज आणून आमच्या पाण्यात पिळला. घाण दिसते, पण त्या घाणीतच हवे ते जिवाणू असतात. याच कारणाने स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

झाडांबरोबर गोगलगाई आल्या आहेत, चपट्या गुंडाळीच्या. राहू दिल्या. भुकटी त्याच खातायत.

२५ फेब्रुवारी

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आठवडाभर. टीडीएस २७०. क्रिप्टच्या बुंध्यातून बोटाच्या पेराएवढी नवी पानं.

लाल चेरी श्रिंप १० आणले, ₹५० चा एक. दुकानातले काका म्हणाले, ‘‘श्रिंप कशाला, शोभेचा एखादा गोल्डफिश न्या, हलताना तरी दिसेल.’’ २० लिटरमध्ये गोल्डफिश म्हणजे त्याला तुरुंग आणि मला रोजचं पाणी बदलणं.

नव्या पाण्याची सवय लावायला मेडिकलमधून ₹४० चा सलाईनचा सेट आणला. सुई काढून टाकायची, नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं श्रिंपच्या डब्यात, आणि चाकाने सेकंदाला एक-दोन थेंब. दोन-अडीच तासांत डब्यातलं पाणी तिप्पट झालं. याहून स्वस्त आणि अचूक साधन मला तरी सापडलेलं नाही.

दोन त्याच रात्री मेले. उरलेले आठ मॉसमध्ये चरतायत.

१० मार्च

टँक बसला. पाणी आरपार दिसतं, वॉटर स्प्राइट वरपर्यंत आलं, एका मादीच्या पोटाखाली अंडी. झाडं सगळं नायट्रेट खातायत, टेस्टमध्ये जवळपास काहीच येत नाही. म्हणून आजपासून पाणी बदलणं बंद. उडून गेलेलं तेवढं नळाचं पाणी भरायचं, बस. रोज अंदाजे २०० मिली लागतं.

टीडीएस ३३०. पाण्याच्या रेषेवर काचेला बारीक पांढरी कड धरली आहे, व्हिनेगरच्या फडक्याने पुसली.

श्रिंपना खायला आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचं नखाएवढं पान. तासाभरात संपलं नाही तर उरलेलं काढायचं.

२४ मार्च

खिडकीकडच्या काचेवर हिरवं शेवाळ, बाकी तीन बाजू स्वच्छ. दिवा सगळीकडे सारखाच पडतो, मग एकाच बाजूला का? रविवार असल्यामुळे संध्याकाळी घरी होतो तेव्हा दिसलं. मावळतीच्या सुमारास खिडकीतून उन्हाची तिरीप थेट टँकवर. उत्तरेला ऊन येत नाही हे जानेवारीत खरं होतं. मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो आणि जूनपर्यंत आणखी उत्तरेला सरकत जातो. पुण्यात तर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही तो डोक्याच्या उत्तरेलाच असतो. घराचा नकाशा बघून जागा ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा चार्टपेपर लावला. टँक उलट जास्त खुलून दिसतो.

पिल्लं दिसली! तांदळाच्या कणीपेक्षा लहान. मोजता येत नाहीत.

नळाला आता टँकरचं पाणी. रोज ३०० मिली भरावं लागतं. टीडीएस मीटरचा सेल गेला आहे, आणायचा आहे.

१३ एप्रिल

सकाळी चार मोठे श्रिंप मेलेले. पिल्लं कुठेच दिसत नाहीत. गोगलगाई ठणठणीत, झाडं ठणठणीत.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पहिला संशय शेजाऱ्यांच्या पेस्ट कंट्रोलवर, कारण परवाच त्यांच्याकडे फवारणी झाली. कीटकनाशकं श्रिंपना फार लवकर लागतात आणि हवेचा पंप बाहेरची हवा थेट पाण्यात ढकलतो. दुसरा संशय खोलीतल्या डासांच्या मशीनवर. ते उचलून बेडरूममध्ये नेलं.

दुपारी मीटरला नवे सेल घातले. टँकचा टीडीएस ६९०. नळाचा ६४०.

घाबरून त्याच संध्याकाळी निम्मं पाणी काढलं आणि घरच्या आरओचं पाणी भरलं. टीडीएस ३६०. आकडा बघून बरं वाटलं.

१६ एप्रिल

बरं वाटायचं काही कारण नव्हतं. आणखी दोन मेले. दोघांच्याही पाठीवर, डोकं आणि धड यांच्या सांध्याशी पांढरा पट्टा. कात टाकताना कवच तिथे गोल फाटतं आणि श्रिंप त्यातून सुटू शकत नाही. पाण्यातले क्षार एकदम बदलले की अवेळी कात टाकली जाते आणि हे असं होतं. म्हणजे पहिले चार चढलेल्या क्षारांनी मारले असतील तर हे दोन मी उतरवलेल्या क्षारांनी. दोन मोठे उरले.

आता कागद-पेन घेऊन बसलो. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. नळाच्या ६४० टीडीएसच्या प्रत्येक लिटरबरोबर ६४० मिलिग्रॅम क्षार आत जातात. २० लिटरमध्ये ते पसरले की टीडीएस ३२ ने वाढतो. सध्या रोज ४०० मिली भरतोय, म्हणजे आठवड्याला २.८ लिटर, म्हणजे आठवड्याला ९० ची वाढ. १० मार्चच्या ३३० पासून इथपर्यंतचा रस्ता या गणिताशी साधारण जुळतो. पेस्ट कंट्रोलचा काही संबंध नसावा.

काचेवरची पांढरी कड महिन्यापूर्वीच हे सांगत होती, मी ती व्हिनेगरने पुसत बसलो.

हे माझ्या वाचनात कुठेच ठळकपणे आलं नव्हतं, कारण लिहिणारे बहुतेक मऊ (कमी क्षारांच्या) पाण्याच्या देशातले. त्यांचं ‘पाणी बदलू नका, फक्त भरत राहा’ हे त्यांच्या नळावर चालतं. ६० टीडीएसचं पाणी भरलं तर हीच वाढ आठवड्याला ८-९. आपल्या बोअरवर तोच सल्ला दहापट वेगाने उलटतो. मोठ्या टँकमध्येही हेच होतं, पण २०० लिटरचा टँक उघडा असला तरी त्याच्या मानाने पाण्याचा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे वाढ सावकाश होते. एक फुटी टँकमध्ये दीड महिन्यात खेळ खलास.

तेव्हा नियम : उडालेलं पाणी भरायला फक्त आरओचं पाणी, आमच्याकडे ते ३० टीडीएसचं आहे. काचेवर बाहेरून मार्करने रेघ मारली आहे, रोज रेघेपर्यंत. साधारण एक तांब्या.

२८ एप्रिल

टीडीएस ३५५. मुद्दाम आणखी खाली आणला नाही. श्रिंपना ३५० चालतं, हेलकावे चालत नाहीत. यानंतर कधी खाली आणावा लागलाच तर रोज एक लिटर काढून एक लिटर, त्याहून जास्त नाही, आणि तेही सलाईनच्या नळीने.

नुसतं आरओ भरत राहिलं तर झाडं आणि श्रिंप मिळून पाण्यातलं कॅल्शियम हळूहळू वापरून टाकतील, आणि कवचाला तेच लागतं. म्हणून महिन्यातून एकदा २ लिटर काढून २ लिटर नळाचं. सध्याच्या ६४० च्या पाण्याने टीडीएस एका वेळी जेमतेम २८-३० वर जातो आणि तेवढा श्रिंपना सोसतो.

पिल्लं वाचली आहेत! मॉसच्या आतून सात-आठ तरी बाहेर आली, आता करंगळीच्या नखाएवढी. मोठ्यांना न झेपलेलं त्यांनी कसं पचवलं कोण जाणे. कदाचित चढत्या क्षारांतच जन्मली म्हणून असेल.

१९ मे

पाणी ३२ अंश. काचवाल्याने ₹१२० ला ४ मिमीचं झाकण कापून दिलं होतं. ते ठेवल्यावर उडणारं पाणी ४०० मिलीवरून १०० वर आलं, पण टँक उकडायला लागला : दुपारी ३४. झाकण काढून ₹३५० चा छोटा यूएसबी पंखा पृष्ठभागावर तिरका लावला तर २९-३० वर येतो आणि पाणी अर्धा लिटर उडतं. दोन्ही एकदम मिळत नाही. मे महिन्यात पंखा आणि रोज आरओचं पाणी. झाकण पावसाळ्यात.

पंखा फक्त ११ ते ६, टायमरवर. रात्री गरज नाही.

दोन दिवस गावाला गेलो होतो तेव्हा शेजारच्या काकूंना फक्त रेघेपर्यंत पाणी भरायला सांगितलं होतं. त्यांनी मायेने पोळीचा कुस्करा पण टाकला. पाण्यावर तवंग, अमोनिया ०.५. टिश्यू पेपर पाण्यावर अलगद टेकवून तवंग उचलला, साल्व्हिनियाने दोन दिवसांत बाकीचं निस्तरलं. पुढच्या वेळी काकूंना सांगायचं की श्रिंप आठवडाभर उपाशी राहू शकतात. टँकमध्ये झाडांवरची भुकटी असतेच.

१६ जून

पाऊस सुरू. पहिल्या दोन-तीन सरींनी पत्रा धुतला गेल्यावर गॅलरीत बादली ठेवली : टीडीएस १५. आता भरायला पावसाचंच पाणी. आरओचं एक लिटर मिळवायला दोन-अडीच लिटर वाया जातं, ते थांबलं.

साल्व्हिनियाच्या कोपऱ्यात डासांच्या अळ्या. स्पंज फिल्टरने पृष्ठभाग हलत असतो, पण तरंगत्या पानांनी एक कोपरा शांत करून टाकला होता आणि डासाला तेवढं पुरतं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. घरोघरी पाण्याची भांडी तपासणारी मंडळी आली असती तर हा शोभेचा टँक सांगून सुटका झाली नसती.

म्हणून गप्पी आणले, तीन, ₹२० चा एक. हिवताप विभाग विहिरींत आणि हौदांत सोडतो तेच गप्पी, फक्त शेपटी रंगीत. तिन्ही नर. एक जरी मादी आली तरी दिवाळीपर्यंत टँक गप्पींचा होईल. कठीण पाणी त्यांना आवडतं, ३० अंश चालतं. संध्याकाळपर्यंत अळ्या साफ. श्रिंपची एखाद-दोन पिल्लंही खातील, पण मॉस दाट आहे. साल्व्हिनिया निम्मा काढला आणि उरलेल्याला हवेच्या नळीचं कडं करून त्यात कोंडला, म्हणजे अर्धा पृष्ठभाग कायम उघडा.

काढलेला साल्व्हिनिया नाल्यात किंवा तलावात टाकू नका. दर उन्हाळ्यात नद्यांवर जलपर्णीचा गालिचा बघतो आपण, त्यात आपली भर नको. कुंडीत मातीखाली पुरला की उत्तम खत.

१४ जुलै

टीडीएस ३४०, गेल्या महिन्यात ३५०. लहान-मोठे मिळून तीसेक श्रिंप. दोन माद्यांच्या पोटाखाली अंडी. जावा फर्नच्या पानांच्या टोकांवर नवी रोपं फुटली आहेत, मित्राला साल्व्हिनियाच्या बदल्यात तीच देणार. क्रिप्ट आता एवढे पसरले आहेत की वॉटर स्प्राइट काढून टाकलं. त्याचं काम झालं होतं, आणि दर आठवड्याला छाटावं लागणारं टँकमधलं ते एकमेव झाड होतं.

काल गल्लीत डास मारायच्या धुराची गाडी आली. हॉर्न ऐकल्याबरोबर खिडक्या बंद, पंप बंद, टँकवर ओला टॉवेल, तासाभराने सगळं पूर्ववत. एकही श्रिंप दगावला नाही. एप्रिलमध्ये पेस्ट कंट्रोलवर चुकीचा संशय घेतला होता, म्हणून इथे बेफिकीर राहायचं असं नाही. हे विष श्रिंपना खरंच लागतं.

आठवड्याचं काम : समोरची काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडणं, जास्तीचा साल्व्हिनिया उचलणं, टीडीएस बघणं. दहा मिनिटं. रोजचं : रेघेपर्यंत पाणी, गप्पींना चिमूटभर खाणं. महिन्याचं : २ लिटर पाणी, आणि हवेचा जोर कमी झालाच तर स्पंज पिळणं.

खर्च, सगळा धरून : टँक आणि झाकण ₹१२२०, माती-वाळू ₹१९०, वाया गेलेले खडे ₹१२०, झाडं ₹७९०, दिवा-होल्डर-टायमर ₹८१०, हवेचा पंप-फिल्टर-व्हॉल्व्ह ₹४६०, टेस्ट किट ₹९००, टीडीएस मीटर ₹३००, सलाईन सेट ₹४०, पंखा ₹३५०, श्रिंप ₹५००, गप्पी ₹६०. एकूण ₹५७४०. कुठे कात्री लावायची असेल तर एका अनुबियासला लावा, मीटरला लावू नका. सेल मात्र जादाचे आणून ठेवा.

झाकण आता परत ठेवलं आहे, पण गप्पींना खाणं टाकायला दर वेळी पूर्ण काच उचलावी लागते. काचवाल्याकडे एक कोपरा तिरका कापून घ्यायचा आहे. ₹२० म्हणाला.